कान्होबामागचं रान

समोर गाय असली की माणूस आधी गायच बघणार. आपण सगळे तसलेच. पण त्या बाईंच्या घरी कान्होबाच्या दर्शनाला जाऊन तुम्ही "अगबाई, गाय किती छान!" असं म्हणालात की संपलंच. त्या उठून यायच्या, दोन बोटांनी तुमची हनुवटी धरायच्या, जरा वर उचलायच्या आणि म्हणायच्या, "समोरचं त ढोरालेही दिसते. मांगं पाह्य."

तहसीलदारांच्या पत्नीची हनुवटीसुद्धा त्यांनी अशीच धरली होती. मी शेजारीच उभी होते. त्या बाई ठेवणीतलं पातळ नेसून, तोंडाला पावडर लावून आल्या होत्या. यांनी त्यांचं तोंड कान्होबाच्या मागच्या कागदांकडे वळवलं, बोटांना लागलेली पावडर पदराला पुसली आणि पुन्हा आपल्या पाटावर जाऊन बसल्या. 

मी लग्न होऊन बालाघाटला आले ती प्रांतांची नवी वाटणी झाली त्या सुमारास. नागपूर तिकडे गेलं, बालाघाट इकडे राहिलं. माझं माहेर नागपूरचं, म्हणजे मी बघता बघता परप्रांतातली सून झाले. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि बाजारात दोन्हींची खिचडी. आमचे हे शाळेत मास्तर, म्हणून मी मास्तरीण. हनुवटी धरणाऱ्या त्या बाई आमच्या शेजारच्या घरात, त्यांचे यजमान जंगलखात्यात नाकेदार होते. दूर रानातल्या नाक्यावर राहून त्यांनी झाडं राखायची, लाकूड चोरणाऱ्यांना धरायचं आणि महिन्यातून एकदा घरी यायचं. म्हणून त्या नाकेदारीणबाई. तोंडावर मी त्यांना काकू म्हणायची.

काकू हाडापेराने मोठ्या, रंगाने काळ्यासावळ्या. नऊवारी लुगडं असं नेसायच्या की वाटावं, आता शेतात रोवणीला निघाल्या. माहेर कटंगीकडचं, भातशेतीचं. आवाज चांगला खणखणीत. आमच्या गल्लीत दूध घालणारा भैया सगळ्यांकडे पाणी मिसळायचा, पण काकूंच्या दारात यायच्या आधी देवाचं नाव घ्यायचा. एकदा त्यांनी त्याला ओट्यावर उभं करून विचारलं होतं, तुझी गाय मेल्यावरही तुझं दूध असंच चालू राहणार ना, मग मला काही चिंता नाही. गल्ली महिनाभर हसत होती. असल्या बाईच्या हातून कागदातून पानं उमलतात हे मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

आमच्याकडे गोकुळाष्टमीला घरोघरी मातीचा कान्होबा बसतो. त्याच्या डोक्यावर लाकडी चौकट बांधून पुऱ्या-करंज्यांचा फुलोरा टांगतात, मागे कागदाची काहीबाही सजावट करतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं वाजतगाजत वैनगंगेत नेऊन सोडतात. मी आले त्या पहिल्याच श्रावणात सासूबाई म्हणाल्या, आधी नाकेदारीणबाईकडचा पाहून ये, मग बाकीचे पाहा.

दिवे लागायची वेळ होती. खोलीत अंधार केलेला. कोपऱ्यात देवदाराच्या फळ्यांचं मोठं खोकं आडवं ठेवलेलं, त्याच्यापुढे हातभर उंचीचा कान्होबा आणि त्याच्या पायाशी मातीची गाय. मी अर्थातच गाईची तारीफ केली आणि माझी हनुवटी धरली गेली.

मग मी मागे पाहिलं.

खोक्यात रान होतं. सगळ्यात पुढे बांबूचं बेट, काळं कुळकुळीत, एकेक पान सुटं. त्याच्या फटींतून एक नाला. नाल्यापलीकडे झाडांची खोडं, जरा तपकिरी. खोडांमागे गवत, आणि गवतात चितळांचे नुसते कान. त्याच्याही मागे सालाची उंच झाडं, मधासारख्या रंगाची. त्यामागे टेकडी, टेकडीवर पुन्हा झाडं, इतकी फिकी की आहेत की नाहीत कळू नये. आणि सगळ्याच्या पाठीमागून उजेड येत होता. सूर्य अजून वर आलेला नाही, आता येईल, असा उजेड. तो एका साध्या कंदिलाचा होता हे मला माहीत होतं, कारण रॉकेलचा वास येत होता. तरी मी सूर्याची वाट बघत उभी राहिले.

मी डोकं जरासं हलवलं. झाडं एकमेकांआड सरकली आणि मघाशी नसलेला एक रानगवा दोन खोडांच्या मधे उभा होता.  देवाला नमस्कार करायचा राहूनच गेला, हे मला घरी आल्यावर आठवलं.

आता गंमत ऐका. हे रान कागदातून कापणारी बाई रानात कधी गेलीच नव्हती. नाका बैहरच्या पलीकडे, घाट चढून, सालाच्या दाट जंगलात. तिथे बायकापोरं नेण्याजोगी सोय नव्हती. घरी सासू अंथरुणाला खिळलेली. सासू होती तोवर त्या सासूसाठी राहिल्या आणि सासू गेल्यावर सवयीने राहिल्या. मूलबाळ नव्हतं. मी एकदा म्हटलं, काकू, एकदा जाऊन तरी या ना बसने. तर म्हणाल्या, मी भातातली बाई, मला आभाळ दिसलं नाही की जीव घाबरतो.

रान त्यांच्याकडे यायचं ते नाकेदारांच्या पिशवीतून. नाकेदार म्हणजे शिडशिडीत, अबोल माणूस. इतका अबोल की आमचे हे म्हणायचे, चोर याला पाहून पळत नसतील, हा काही बोलेल म्हणून वाट पाहत थांबत असतील आणि सापडत असतील. बाकीच्यांचे नवरे परगावाहून येताना बायकोला चोळीचा खण आणत. हे धोतराच्या घडीत दाबून पानं आणायचे. सालाची, तेंदूची, मोहाची, कसलीकसली. जेवण झालं की काकू ती पानं गोणपाटावर मांडायच्या, एकेक पान उजेडाकडे धरायच्या आणि त्यांची उलटतपासणी सुरू व्हायची. आमच्या दोन घरांच्या मधली भिंत पातळ होती, सगळं ऐकू यायचं.

"हे कुठचं?"

"नाल्यावरचं."

"त्याच्या मांगं काय राह्यते?"

"बांबू."

"अन् बांबूच्या मांगं?"

"साल."

"अन् सालाच्या मांगं?"

नाकेदार पुष्कळ वेळ विचार करायचे. मग यायचं उत्तर, "साल."

आमचे हे इकडे तोंडावर पांघरूण ओढून हसायचे. पण खरं सांगते, मला पलीकडच्या त्या दोघांचा हेवा वाटायचा. माझ्या नवऱ्याला मी दिवसभराचं विचारलं की तो 'काही विशेष नाही' म्हणायचा. या नवरा-बायकोचं मात्र मागे, त्याच्या मागे, त्याच्याही मागे असं चालायचं, आणि बोलणं टेकडीपर्यंत जाऊन यायचं.

एकदा नाकेदार म्हणाले की लांबचं झाड काळं दिसत नाही, त्याच्यात उजेड असतो. झालं. काकूंची झोप उडाली. तोवर त्या नुसते वेगवेगळ्या रंगाचे कागद वापरत, आणि कंदिलाचा उजेड यायचा तो फक्त फटींतून. आता कागदात उजेड कसा आणायचा? किराण्याच्या दुकानातून पुडी बांधून आलेला एक कागद होता, जवसाच्या तेलाने ओला झालेला. तो चुलीत टाकायला म्हणून त्यांनी उचलला आणि खिडकीसमोर धरला गेला. तेल लागलं होतं तेवढ्या जागेतून ऊन आत आलं. काकू तशाच तेलकट हातांनी माझ्या दारात आल्या आणि माझ्या धुतलेल्या लुगड्याला धरून मला ओढत घेऊन गेल्या. तो डाग कधीच निघाला नाही.

तेव्हापासून आषाढ लागला की आमच्या गल्लीत जवसाच्या तेलाचा वास सुटायचा. कापसाच्या बोळ्याने कागदाला तेल चोळायचं आणि कागद घरातल्या दोरीवर सावलीत वाळत टाकायचा. जितकं झाड लांबचं, तितकं तेल जास्त. टेकडीचा कागद तेल पिऊन पिऊन साईसारखा व्हायचा. पुढच्या बांबूला मात्र थेंबभरही नाही. कापायला हत्यार म्हणजे दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं, बांबूच्या चिपेत दोऱ्याने घट्ट बांधलेलं. पाट उलटा करून त्यावर कागद ठेवायचा आणि चित्र न काढता थेट कापायला लागायचं. त्या नेहमी सगळ्यात मागचा कागद आधी कापत. मी म्हटलं, लोकांना दिसतं ते पुढचं, मग आधी पुढचं नको का? तर म्हणाल्या, पुढे काय ठेवायचं ते मागचं झाल्याशिवाय कसं कळणार?

त्यांचा बांबू कापताना पाहिला की मला एक विचार यायचा. नाकेदारांच्या रानातला बांबू खाली उतरायचा, गाडीत भरून कागदाच्या कारखान्याला जायचा, तिथे त्याचा लगदा व्हायचा, लगद्याचा कागद व्हायचा, तो कागद आमच्या बाजारात यायचा आणि ही बाई पाटावर बसून त्याचा परत बांबू करायची. मी हे काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, एवढा विचार करू नको, डाळ लागेल बुडाला. डाळ खरंच लागली होती.

एका वर्षी रामपायलीहून एक कीर्तनकार बुवा दर्शनाला आले. त्यांनी पाहिलं, मान डोलावली आणि मग शास्त्राची शंका काढली. वृंदावनात कदंब हवा, मोर हवेत, हा रानगवा कुठून आला? काकू फुलोऱ्याच्या करंज्या दोऱ्यात ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बुवा, कानोबा बालाघाटात आला हाये. इथं जे हाये थेच तो पाहीन." बुवांनी करंजी खाल्ली. मागच्या अंगणात चूळ भरता भरता पुन्हा आत डोकावून त्यांनी तो गवा बघितला, हे मी पाहिलं.

आणि दुसऱ्या दिवशी हे सगळं नदीत. दोन महिने कापलेलं रान. तहसीलदारांच्या पत्नीने, हनुवटीचा राग विसरून, किती विनवण्या केल्या. भोपाळला प्रदर्शन भरतं, तिथे पाठवू, काचेत लावू, तुमचं नाव होईल. काकूंचं एकच उत्तर, "कानोबाचं थे कानोबासंगं." आमच्याकडे रीतच तशी, की देवासमोर मांडलेली शोभा देवाबरोबर गेली पाहिजे. पण बाकीच्यांच्या पताका जायला आणि हे रान जायला काही फरक आहे की नाही? मला तर रडू यायचं.

घाटावर कान्होबा पाण्यात सोडला की तो लगेच बुडायचा. काकूंचे कागद बुडत नसत. तेल प्यालेले ना ते! त्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहून एकेक कागद सोडायच्या, मागचा आधी. टेकडी पुढे निघायची, तिच्यामागे साल, सालामागे गवत आणि चितळं. पुराच्या गढूळ पाण्यावर ऊन पडलेलं असायचं आणि ते पिवळं रान सुटं होऊन, हलत, फिरत, वळणापर्यंत जायचं. बिनतेलाचा बांबू शेवटी सोडायच्या. तो तेवढा घाटाजवळच पाणी पिऊन खाली जायचा. कापडं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत. मी देवळं पुष्कळ पाहिली आहेत, पण हात आपोआप जोडले जावेत असं फार थोड्या ठिकाणी झालं, आणि त्यातलं एक हे.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात नाकेदार पेन्शनीच्या आधीच घरी परतले. रोजच्या वाटेवरच्या मुळाला अडखळून पडले होते, म्हणे. मग पुन्हा पडले. नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि गेलेली नजर परत येणार नाही हेही सांगितलं. आधी कडेचं दिसेनासं झालं होतं, आता सगळंच धूसर होत चाललं होतं. नाकेदार ओट्यावर बसून राहायचे. पानं यायची बंद झाली. भिंतीपलीकडची उलटतपासणी थांबली आणि आम्हाला संध्याकाळी चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

त्या वर्षीचं रान नेहमीसारखं झालं. पुढच्या वर्षी मात्र चितळं नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी टेकडी गेली. पानं मोठी मोठी, ढोबळ, फटी रुंद. पुढे तर दोनच कागद राहिले, एक खोडांचा आणि एक बांबूचा. लोक दर्शनाला येत, जरा वेळ उभे राहत आणि बाहेर पडल्यावर हळूच म्हणत, नाकेदारीणबाईचा हात गेला. गल्लीच्या टोकाच्या नव्या सुनेने रंगीत बल्बांची माळ आणली होती, लुकलुकणारी. गर्दी तिकडे वळली. हे सगळं काकूंच्या कानावर जात होतं. त्या काही बोलत नव्हत्या. दुधवाल्याला न सोडणारी बाई गप्प बसते म्हणजे हात खरोखरच दुखत असणार, असं मला वाटलं. मी म्हटलं, काकू, तेल चोळायला मी येऊ का? तर म्हणाल्या, तू आपली पोरं सांभाळ.

मग एका श्रावणातल्या दुपारी मी त्यांची चाळणी परत द्यायला गेले. दार लोटलेलं होतं. आतल्या खोलीत अंधार करून भरदुपारी कंदील लावला होता. खोकं जागेवर होतं. कान्होबा अजून यायचा होता. खोक्यासमोर, जिथे आपण दर्शनाला उभे राहतो तिथे, पाटावर नाकेदार बसले होते. काकू खोक्याच्या बाजूला उभ्या होत्या.

"काय दिसते?"

"बांबू."

"मांगं?"

"खोडं हायेत."

"अन् त्याच्या मांगं?"

नाकेदार पुढे वाकले. मान इकडे केली, तिकडे केली.

"उजेड हाये," ते म्हणाले. "नुसता उजेड."

काकूंनी खोक्यात हात घातला आणि मागचा कागद ओढून काढला. मला दारातून तो दिसला. टेकडी होती ती. पहिल्या वर्षी पाहिली होती तशीच, कदाचित जास्तच बारीक, एकेक झाड, झाडाझाडातून आभाळ. हात गेला म्हणे! त्यांनी ती घडी करून सरपणात ठेवली. मग नाकेदारांना ओट्यावर नेऊन बसवलं आणि चाळणी घ्यायला माझ्याकडे आल्या.

मी म्हटलं, काकू, ते किती सुंदर होतं. लोकांना तरी दिसलं असतं.

चाळणी खुंटीला अडकवता अडकवता त्या म्हणाल्या, "ज्याचं रान हाये, त्यायलेच दिसत नाई. मंग मी थे कोनाले दाखवू?"

म्हणजे दर वर्षी ही बाई सगळं रान कापत होती. टेकडीसकट, चितळांसकट. आणि नवऱ्याला पाटावर बसवून, त्याला जे दिसत नाही ते एकेक काढून टाकत होती. गावाला जे ढोबळ वाटत होतं ते तेवढंच होतं, जेवढं त्या माणसाच्या डोळ्यांत उरलं होतं. काकूंच्या कलेचं मला कौतुक होतंच. त्या दुपारी मला त्यांची भीती वाटली, देवळातल्या मोठ्या मूर्तीची वाटते तशी. घरी येऊन मी स्वयंपाकाला बसले आणि बराच वेळ चूल पेटवायची राहिली.

शेवटी नाकेदारांना कंदीलही दिसेनासा झाला. त्या वर्षी गल्लीत तेलाचा वास आला नाही. सगळ्यांना वाटलं, संपलं. काकूंनी मात्र आमच्या ह्यांच्याकडून शाळेतल्या जुन्या वह्यांचे पुठ्ठे मागून नेले. कापडाच्या दुकानातून ठाणातले जाड पुठ्ठे आणले. ब्लेडचं पातं त्याला पुरेना, तर चांभाराकडून रापी आणली. बोटांना चिंध्या बांधून त्या पुठ्ठे कापत बसायच्या. एकदा मी डोकावले तर डोळे मिटून बसल्या होत्या आणि एक हात पुठ्ठ्यावरून फिरत होता. मला वाटलं झोप लागली. म्हणाल्या, बोलू नको, मी बघून राह्यली.

अष्टमीला लोक आले ते सवयीने. खोकं नव्हतं, कंदील नव्हता. कान्होबाच्या मागे चौरंगावर पुठ्ठ्यांची एक तपकिरी चढण होती, एकामागे एक, पायऱ्यांसारखी उंच होत गेलेली. रंग नाही, उजेड नाही. बल्बवाली सून भली पोर होती, ती काहीतरी चांगलं म्हणायला शब्द शोधत राहिली. काकूंचं लक्षच नव्हतं. त्यांनी नाकेदारांचा हात धरून त्यांना आणलं आणि चौरंगाच्या बाजूला बसवलं.

"हात द्या," त्या म्हणाल्या. "मांगून."

त्यांनी नवऱ्याचा हात सगळ्यात मागच्या पुठ्ठ्यावर नेऊन ठेवला आणि सोडला.

नाकेदारांची बोटं आधी नुसती टेकून राहिली. मग ती टेकडीच्या कडेवरून चालायला लागली. चढली, उतरली. खाली सालाच्या शेंड्यांवर आली. खोडांच्या सालीवर काकूंनी उभ्या खाचा पाडल्या होत्या, त्यांवरून नखं फिरली. पानांच्या शिरा सुईने टोचून वर काढल्या होत्या.  आणि तो अबोल माणूस बोलायला लागला. साल, म्हणाला. मग बांबू. मग म्हणाला, इथं उतार हाये, पाय जपून. तो कुणाला सांगत होता कोण जाणे. पण मी खरंच पाय मागे घेतला.

बोटं नाल्याच्या काठाशी आली आणि थांबली. तिथे एक छोटासा खुंट होता. तुटलेल्या झाडाचा.

"हा खुंट तुले कोनं सांगतला?"

"तुम्हीच. पह्यल्या वर्षी. त्याच्यावर बसून भाकर खाता म्हने."

नाकेदार त्या खुंटावर बोट ठेवून बसून राहिले. मग हात नाल्यात उतरला, इकडून तिकडे गेला. ते म्हणाले, पाणी कमी आहे, श्रावणात या नाल्याला पूर असतो.

आम्ही सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. आपली कुणी चूक काढलेली त्या खपवून घेत नसत. त्या हसल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना इतक्या मोकळेपणाने हसताना पाहिलं नव्हतं.

"बराबर हाये," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी पूर आनीन."

दुसऱ्या दिवशी ते पुठ्ठे नदीत सोडले. तेल नव्हतं त्यांना. पाणी पिऊन जड झाले आणि काठाजवळच खाली गेले.

काकू वैशाखात गेल्या. ऊन लागलं, ताप चढला आणि चार दिवसांत आटोपलं. एवढी मोठी हाडाची बाई, पण आजारपण असं त्यांनी कुणाला करूच दिलं नाही. नाकेदारांना त्यांचा पुतण्या आपल्या गावी न्यायला आला होता. ते म्हणाले, कान्होबा बसवून मग येतो.

अष्टमीला आमच्या ह्यांनी कुंभाराकडून मूर्ती आणून दिली. फुलोरा मी आणि त्या बल्बवाल्या सुनेने मिळून केला. मागे काय लावायचं हा प्रश्न होता. सून म्हणाली, माझी माळ आणते. नाकेदार नको म्हणाले. आतल्या दोरीच्या मागे एक गुंडाळी असेल ती बघा, म्हणाले. होती. तेल लावून वाळवलेला एकच कागद, कुठल्याशा वर्षी उरलेला, कोरा. त्यांनी तो खोक्यात लावायला सांगितला आणि मागे कंदील ठेवायला सांगितलं. पेटला का, म्हणून कंदिलाच्या दिशेने हात धरून ऊब पाहिली.

दिवेलागणीला लोक आले. कान्होबा, त्याच्या पायाशी गाय आणि मागे एक पिवळा कागद. कुणाला काय बोलावं कळेना. मग एक म्हातारी, नव्यानेच गल्लीत राहायला आलेली, भक्तिभावाने म्हणाली की गाय फार छान आहे.

 नाकेदारांनी तोंड आवाजाच्या दिशेने वळवलं.

"मांगं पाहा," ते म्हणाले.

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. सगळ्यात मागून. टेकडी, सकाळची, अजून ऊन न पडलेली. तिच्या अंगावरची झाडं, ज्यांत उजेड असतो. मग साल. सालाच्या मागेही साल. मग गवत, चितळांचे कान, दोन खोडांमधला गवा, जो मान हलवली तरच दिसतो. मग बांबू. मग उतार. मग तो खुंट. आयुष्यभर एका शब्दात उत्तरं देणारा तो माणूस थांबत नव्हता. आणि तुम्ही माना न माना, आम्ही त्या कोऱ्या कागदाकडे बघत होतो आणि आम्हाला दिसत होतं. बल्बवाल्या सुनेने मान जराशी डावीकडे केली. ती गवा शोधत होती हे मला कळलं, कारण मीही तेच केलं होतं.

शेवटी नाकेदार जरा थांबले. हात पुढे केला आणि हवेत आडवा फिरवला, इकडून तिकडे.

"अन् नाल्याले पूर हाये," ते म्हणाले. "आनला तिनं."

दुसऱ्या दिवशी घाटावर कान्होबा सोडला, तो बुडाला. कागद मी नाकेदारांच्या हातात दिला, त्यांनी तो पाण्यावर ठेवला. तो निघाला. ते काठाला उभे राहिले, तोंड नदीकडे.

"मास्तरीणबाई, काय दिसते?"

मी सांगायला लागले, घाटाच्या पायऱ्या आहेत, कापडं धुणाऱ्या बायका आहेत. मग माझी मीच थांबले. मान वर केली आणि पुन्हा सुरुवात केली. लांब एक टेकडी आहे, म्हटलं, फिकी. तिच्या पुढे झाडं. झाडांच्या पुढे भाताची बांधी, हिरवी. त्याच्या पुढे पाणी, आणि पाण्यावर तो कागद.

"हौ," नाकेदार म्हणाले.

कागद वळणाआड गेला, तरी मी बराच वेळ सांगत राहिले.